क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये लॉगिनच होत नाहीये. गेम काढून परत टाकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन दिवसांपासून क्लॅश ऑफ क्लॅन्स नीट उघडत नाही, कधी लोडिंगवर अडकतं, कधी ईमेल टाकला तरी कोडच येत नाही. क्लॅनची (म्हणजे खेळाडूंच्या गटाची) लीग चालू आहे आणि मित्र म्हणतोय, गेम काढ आणि परत टाक.

नका काढू. निदान हे सगळं वाचून होईपर्यंत तरी काढू नका.

मी बरीच वर्षं एका मराठी क्लॅनमध्ये को-लीडर आहे. दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं लॉगिन अडतंच, आणि सुरुवातीला मीही सगळ्यांना तुमच्या मित्रासारखंच सांगायचो. एकदा आमच्यातल्या बारावीच्या एका मुलाला तसं सांगितलं. त्याने गेम काढला, परत टाकला, आणि समोर पहिल्या दिवसाचं गाव उभं राहिलं. हल्ला कसा करायचा ते शिकवणारी ती गावकरी बाई पुन्हा आली. त्याचं टाउन हॉल ११चं, म्हणजे मुख्य इमारत अकराव्या लेव्हलला पोचलेलं गाव कुठल्याच आयडीला जोडलेलं नव्हतं. भिंतीचा एकेक तुकडा वाढवत तीन वर्षं घालवली होती पोराने. ते गाव परत मिळालं नाही आणि तोही क्लॅनमध्ये परत आला नाही. तेव्हापासून लॉगिनचा प्रश्न आला की मी पहिल्यांदा ‘काढू नकोस’ हेच सांगतो.

कारण समजून घ्या. तुमचं गाव फोनमध्ये नसतंच, ते सुपरसेल या फिनलंडच्या कंपनीच्या सर्व्हरवर असतं. फोनमध्ये असते ती फक्त त्या गावाची किल्ली. गाव सुपरसेल आयडीला, म्हणजे ईमेलवर चालणाऱ्या कंपनीच्या खात्याला, जोडलेलं असेल तर हीच किल्ली तुम्हाला कुठल्याही फोनवर पुन्हा मिळते. जोडलेलं नसेल, तर गेम काढताना ती एकुलती एक किल्लीही जाऊ शकते. ॲपच्या सेटिंगमधलं ‘डेटा साफ करा’ हे बटणही तेच काम करतं. ‘कॅशे साफ करा’ने काही बिघडत नाही, ते खुशाल दाबा. दोन्ही बटणं शेजारी असतात, एवढं सांभाळा.

तुम्ही ईमेल टाकून कोडची वाट बघताय, म्हणजे तुमचं गाव आयडीला जोडलेलं असावं. हे चांगलं लक्षण आहे. आता गेम नेमका कुठे अडतोय ते बघा. लोडिंगवर अडणं आणि कोड न येणं हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांचं औषधही वेगळं.

आधी लोडिंगचं. पहिल्यांदा क्लॅनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा की बाकीच्यांचं चालू आहे का. सगळ्यांचंच बंद असेल तर सर्व्हरवर मेंटेनन्स चालू असेल. तेव्हा थांबण्याशिवाय उपाय नाही आणि काही करायची गरजही नाही. फक्त तुमचंच बंद असेल तर प्ले स्टोअर उघडून अपडेट आलंय का ते बघा. मोठं अपडेट आलं की जुन्या व्हर्जनला आत घेतच नाहीत.

तेही झालं असेल तर नेटवर या. इथे बहुतेक जण ‘पण माझ्याकडे यूट्यूब तर मस्त चालतंय’ म्हणतात आणि शोध तिथेच थांबवतात. यूट्यूब चालणं हा पुरावा नाही. ब्राउझर आणि व्हिडिओ ज्या वाटेने जातात ती जवळपास प्रत्येक वायफायवर उघडी असते. हा गेम मात्र सर्व्हरशी ९३३९ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे वेगळ्याच दारातून बोलतो. हॉस्टेल, ऑफिस, लायब्ररी अशा ठिकाणी नेटवर्क सांभाळणारे लोक नेहमीचे पोर्ट सोडून बाकीचे बंद ठेवतात. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या आमच्या एका मुलाने असे दोन आठवडे काढले. हॉस्टेलच्या वायफायवर सगळं चालायचं, फक्त गेम फिरत राहायचा. शेवटी त्याने रूममेटच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेतला आणि दहा सेकंदांत गावात पोचला. तुम्हीही आधी हेच करून बघा: वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू. उलटही करून बघा. एकावर चालतंय आणि दुसऱ्यावर नाही, तर फोन, गेम आणि आयडी तिन्ही ठीक आहेत. दोष त्या नेटवर्कचा.

दोन्हीवर नाही चालत? मग फोनमध्ये व्हीपीएन (नेट दुसऱ्याच वाटेने वळवणारं ॲप) चालू राहिलाय का ते पाहा. जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून अनेकांनी सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’च्या रकान्यात काहीतरी भरून ठेवलेलं असतं, आणि भरलंय हे नंतर विसरायला होतं. तो रकाना ‘ऑटोमॅटिक’वर आणा.

आणि एक गोष्ट, जी मला माझ्या भाच्याच्या फोनमुळे कळली. त्याचा गेम उघडत नव्हता, वर बँकेचं ॲपही रुसलं होतं. तासभर झटापट केल्यावर माझं लक्ष वरच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. फोन चार दिवस पुढे होता. कुठल्याशा दुसऱ्या गेममध्ये संपलेल्या लाइफ लगेच भरून मिळाव्यात म्हणून त्याने घड्याळ पुढे सरकवलं होतं आणि मागे आणायचं राहून गेलं. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होते तेव्हा फोन समोरच्याचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र तपासतो आणि त्यावरची मुदत स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ चुकलं की खरं सर्टिफिकेटही खोटं ठरू शकतं. सेटिंगमध्ये ‘तारीख आणि वेळ’ आपोआप घेण्याचं बटण चालू केलं आणि काम झालं. बॅटरी बदलून आणलेल्या जुन्या फोनांतही हे होतं.

गेम उघडून लगेच बाहेर फेकत असेल आणि ‘दुसरं डिव्हाइस या गावाशी जोडलं जातंय’ अशा अर्थाचा मेसेज येत असेल, तर जुना फोन आठवा. धाकट्या भावाला दिलेल्या फोनवर किंवा घरातल्या टॅबवर तुमचं लॉगिन अजून तसंच असेल. तिकडे कुणी गेम उघडला की तुम्ही बाहेर आणि तुम्ही उघडला की ते बाहेर. जुन्या फोनवरून लॉगआउट करा. घरात असा फोनच नसेल, तर तुमच्या गावात दुसरं कुणीतरी शिरलंय. ते गंभीर आहे, त्याच दिवशी कंपनीच्या सपोर्टला लिहा.

आता कोडचं, कारण मला वाटतं तुमची खरी अडचण तीच असावी. सुपरसेल आयडीला पासवर्ड नसतो. प्रत्येक वेळी ईमेलवर सहा आकडी कोड येतो आणि तोच टाकायचा. त्यामुळे ‘पासवर्ड विसरलो’ ही भानगड इथे नाही, पण तुमचा मेलबॉक्स हेच तुमच्या गावाचं दार झालं. कोड येत नसेल तर गेमपेक्षा मेलकडे आधी बघा.

स्पॅम आणि प्रमोशन्सचे कप्पे तुम्ही बघितले असतीलच. पण जीमेलची जागा बघितलीत का? गूगल १५ जीबी फुकट देतं, आणि त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं एकत्र धरलं जातं. ती भरली की नवीन मेल येणंच बंद होतं. आमच्या सांगलीच्या एका दादांना चार दिवस कोड येत नव्हता. बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ आपोआप गूगल फोटोमध्ये चढले होते आणि खातं काठोकाठ भरलं होतं. त्यांनी व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतले, तिकडून उडवले, कचरापेटीही रिकामी केली. मग नवा कोड मागवला आणि तो लगेच आला. तुम्हीही त्याच पत्त्यावर दुसऱ्या कुणाला तरी एक साधा मेल पाठवायला सांगा. तोही आला नाही तर रोग मेलबॉक्सचा आहे.

साधा मेल येतोय पण कोड येत नाही, असं असेल तर पत्ता तपासा. आयडी बनवताना स्पेलिंग चुकलं असेल असं नाही, कारण तेव्हाही कोड आलाच असणार. पण कुठला मेल दिला होता तेच आठवत नाही, हे फार होतं. तुमच्याकडे दोन-तीन जीमेल असतील तर प्रत्येकात ‘सुपरसेल’ असं इंग्रजीत टाकून शोधा. ज्या खात्यात जुने कोड सापडतील तेच तुमचं खातं. आणि चारदा कोड मागवला असेल तर सगळ्यात शेवटी आलेला टाका, आधीचे सोडून द्या.

ज्यांनी कॉलेजच्या मेलवर आयडी काढला होता त्यांचं सगळ्यात अवघड होतं, कारण पास आउट झाल्यावर कॉलेज तो मेल बंद करतं. जुनं न वापरलेलं जीमेलही टिकत नाही. दोन वर्षं न उघडलेली खाती काढून टाकायचा गूगलचा नियम डिसेंबर २०२३पासून लागू आहे. असं काही असेल तर मात्र सपोर्टला लिहिण्याशिवाय मार्ग नाही.

सपोर्टला लिहायचं तर गावाचा टॅग, म्हणजे प्रत्येक गावाचा वेगळा ओळखक्रमांक लागतो. लोक म्हणतात, गेम उघडतच नाही तर टॅग कुठून आणू? क्लॅनमधल्या कुणालाही तुमच्या नावावर दाबून प्रोफाइल उघडायला सांगा, नावाखालीच टॅग दिसतो. स्क्रीनशॉट मागवा, तोंडी नको. या टॅगमध्ये फक्त १४ चिन्हं येतात: ०, २, ८, ९ हे आकडे आणि इंग्रजीतली पी, वाय, एल, क्यू, जी, आर, जे, सी, यू, व्ही ही अक्षरं. म्हणजे ‘ओ’सारखं जे दिसतं ते नेहमी शून्यच असतं. या एका चुकीमुळे आमच्यातल्या दोघांची पहिली तक्रार वाया गेली होती.

टॅगसोबत गावाचं नाव, टाउन हॉलची लेव्हल, क्लॅन, गाव साधारण कधी सुरू केलं आणि कोणकोणत्या फोनवर खेळलात, हे आधी कागदावर लिहून काढा. कधी गोल्ड पास किंवा जेम्स विकत घेतले असतील तर ती पावती म्हणजे तुमचा सातबारा समजा. मेलमध्ये इंग्रजीत ‘जीपीए’ शोधा, प्ले स्टोअरच्या ऑर्डर नंबरची सुरुवात त्याच अक्षरांनी होते. मग कंपनीच्या अधिकृत सपोर्ट पानावरून लिहा, किंवा दुसऱ्या एखाद्या फोनवर नवं गाव सुरू करून तिथल्या सेटिंगमधल्या ‘हेल्प आणि सपोर्ट’मधून लिहा. जे आठवत नाही ते अंदाजाने ठोकून देऊ नका. सारखी चुकीची उत्तरं आली की कंपनीला तुम्हीच चोर वाटता.

या काळात तुम्हाला यूट्यूबखाली किंवा टेलिग्रामवर ‘भाऊ, अकाउंट काढून देतो’ म्हणणारे भेटतील. ते तुमच्याकडे टॅग, पावती आणि शेवटी कोड मागतील. पावती आणि टॅग त्यांच्या हातात गेले की तुमच्या नावाने तेच सपोर्टला लिहितात. कोड तर क्लॅन लीडरलाही द्यायचा नाही, मलाही नाही, अगदी सख्ख्या मित्रालाही नाही. फुकट जेम्स देणाऱ्या साइटवर आयडी टाकला असेल तर ते सपोर्टला मोकळेपणाने सांगा, त्यांना शोधायला सोपं जातं.

आणि हे सगळं करत बसण्याआधी आत्ता, याच मिनिटाला, तुमच्या लीडरला फोन करा. लीगमध्ये सात दिवस सात सामने असतात आणि दर सामन्याला माणशी एकच हल्ला. तुम्ही आत येऊ शकला नाहीत तर तो हल्ला कोराच जातो. पण पुढच्या सामन्याच्या तयारीच्या दिवसात लीडरला लाइनअप बदलता येतो. त्याला सांगा, मला उद्यापासून बाकावर बसव आणि माझ्या जागी दुसऱ्याला घे. लॉगिन परत मिळालं तरी पहिला हल्ला लगेच लीगमध्ये करू नका. आधी साध्या मल्टिप्लेअरमध्ये एक-दोन हल्ले करून नेट मध्येच तुटत नाही ना ते बघा, मग त्याला म्हणा, आता घे मला.