तोरणमाळची ग्रुप राईड: वेळ किलोमीटरवर नको, चढावर आखा

भाऊ, तुमचा बेत वाचला. डिसेंबरात धुळ्याहून पंधरा-वीस जण सायकलवर सातपुड्यातल्या तोरणमाळला निघणार, त्यातले निम्मे पहिल्यांदाच घाट चढणार. पहाटे 5 ला सुटायचं, ताशी 20 ची सरासरी धरायची आणि दुपारी 1 पर्यंत वर पोचायचं. नवीन मंडळी मागे पडू नयेत म्हणून काय करावं, हा तुमचा प्रश्न. माझं मत सरळ आहे: राईड जरूर करा, पण हे वेळापत्रक आधी बदला, कारण नवीन लोकांना मागे पाडणार आहे ते हेच.

हिशेब बघा. सोनगीर, चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेडा करत शहादा गाठलं की नव्वदेक किलोमीटर होतात. तिथून म्हसावद आणि राणीपूरपर्यंत रस्ता तापीच्या खोऱ्यातलाच, फार त्रास देत नाही. खरा चढ त्यानंतर. शहादा समुद्रसपाटीपासून दीडशेएक मीटरवर आणि तोरणमाळ अकराशेच्याही वर. म्हणजे साधारण हजार मीटर उभा चढ, आणि त्यातला बराचसा शेवटच्या टप्प्यात साठलेला. सराव असलेला साधा सायकलस्वार तासाला चारशे-पाचशे मीटर उंची चढतो, नवीन माणूस तीनशे-साडेतीनशे. तुमच्या नवीन लोकांना नुसत्या घाटाला तीन तास लागणार. त्याआधी शंभराच्या वर किलोमीटर पायात, चहा-नाश्त्याचे थांबे आणि दोन-तीन पंक्चर धरा. घाटाच्या पायथ्याशी तुम्ही भर बारा-साडेबाराला उभे असाल. पहाटे बोटं गोठवणारा डिसेंबर दुपारी त्या उघड्या वळणांवर चांगलाच भाजतो. उतरताना अंधार होणार हे वेगळंच, कारण तेव्हा सूर्य सहाच्या आत मावळतो.

म्हणून दोन दिवस करा. शनिवारी धुळे ते शहादा आरामात, रात्री मुक्काम. रविवारी सकाळी 6 ला निघा, 8 च्या आत राणीपूर, 11 पर्यंत वर. तासभर यशवंत तलावाच्या काठी बसा, जेवा, दीडपर्यंत खाली या, चारपर्यंत शहादा. धुळ्याला परत सायकलीनेच जायचा हट्ट धरू नका, एक पिकअप सांगून ठेवा. तीच पिकअप घाटात मागेही चालेल.

आता ग्रुपचं. सपाट रस्त्यावर एकत्र राहण्यात फायदा आहे, पुढचा वारा कापतो आणि मागच्याचे कष्ट वाचतात. घाटात ताशी 7-8 च्या वेगाला वारा कापायचा प्रश्नच येत नाही. तिथे एकत्र चालण्याचा आग्रह धरला की तगडे कंटाळतात, आणि नवीन माणूस त्यांच्या पायाशी पाय जुळवायला जाऊन दोन वळणांत फुटतो. घाटात प्रत्येकाने आपापल्या श्वासाने चढावं. बोलता येईल इतकाच जोर लावायचा, वाक्य तुटायला लागलं की गियर हलका करायचा. एकत्र यायच्या जागा मात्र आधीच ठरवा: म्हसावद, राणीपूर, सातपायरी घाटाच्या अलीकडे आणि थेट वर. पुढची माहिती फोनवर देऊ असं म्हणू नका, राणीपूरनंतर रेंजवर विसंबण्यात अर्थ नाही.

थांब्यावर एक गोष्ट हमखास चुकते. आधी पोचलेले वीस मिनिटं बसून ताजे झालेले असतात, शेवटचा धापा टाकत पोचतो आणि तो दिसताच सगळे हेल्मेट चढवतात. ज्याला विश्रांती सर्वात जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही. नियम करा: शेवटचा पोचल्यापासून दहा मिनिटं मोजायची, आणि पुढच्या टप्प्याला त्यालाच आधी सोडायचं. तसंच सगळ्यात मागे चालणारा, ज्याला आपण स्वीप म्हणतो, तो तुमच्यातला ताकदवान आणि शांत डोक्याचा माणूस हवा. पंप, टायर लिव्हर, दोन ट्यूब आणि चेन जोडायचं हत्यार त्याच्याजवळ असावं.

गियरबद्दल मी जरा आग्रही आहे. मागचं सर्वात मोठं चक्र 28 दात्यांचं आणि पुढे 34 चं असेल, तर मिनिटाला 60 फेऱ्या मारायला ताशी 9 चा वेग ठेवावा लागतो. नवीन माणसाला हजार मीटरच्या चढावर ते जमत नाही. मग तो दाबून दाबून पेडल मारतो आणि गुडघे धरतात. मागे 34 चं चक्र टाकलं की तेवढ्याच फेऱ्यांना साडेसातचा वेग पुरतो. कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलायला येणारा खर्च गुडघ्याच्या औषधापेक्षा कमी आहे. बदलताना मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढं मोठं चक्र घेतो का, ते मेकॅनिकला विचारून घ्या. पुढे तीन चक्रांची हायब्रिड किंवा एमटीबी (डोंगरी सायकल) असलेल्यांनी निश्चिंत यावं, वजन जास्त असलं तरी चढायला तीच बरी.

वळणांची आतली बाजू सर्वात उभी असते. समोरून काही येत नसेल तर थोडं बाहेरून वळा. मात्र एसटीला वळायला अख्खा रस्ता लागतो, हॉर्न ऐकला की कडेला उतरून उभे राहा. थांबायचंच असेल तर सरळ रस्त्यावर, दोन्हीकडून दिसेल असं थांबा.

खाण्याची काळजी आपल्याकडे करायचं कारण नाही. केळी घरची, गुळाची दशमी फडक्यात बांधून न्या, शेंगदाणे-गूळ खिशात ठेवा. भूक लागायची वाट न बघता दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाका. पाण्याच्या दोन बाटल्या आणि एकीत मीठ-साखर किंवा ओआरएस. राणीपूरला त्या पूर्ण भरून घ्या, पुढे दुकानांचा भरवसा नाही. शेवभाजी आणि भरीत-भाकरी रविवारी रात्री खा, शनिवारी रात्री मुक्कामाला तर्रीवर ताव मारला की घाटात पोट बोलतं. वाटेत पावरा आणि भिल्ल लोकांचे पाडे लागतात. पाणी मागितलं तर प्रेमाने देतात. केळ्याची सालं आणि बिस्किटांचे कागद त्यांच्या दारात टाकू नका, विचारल्याशिवाय कोणाचे फोटो काढू नका.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती उताराची. दमलेले पाय, थंड झालेलं अंग आणि पोचल्याचा आनंद, या तिन्हींची मिळून गडबड होते. वर पोचल्यावर ब्रेक शू किंवा पॅड किती उरले ते स्वीपने प्रत्येक सायकलीचं बघावं. उतरताना ब्रेक सतत घासत ठेवू नका. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. सरळ रस्त्यावर ठराविक अंतराने दाबा-सोडा, आणि वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. वजन मागे, हात हँडलच्या खालच्या दांडीवर, दोन सायकलींत चांगलं पन्नास मीटर अंतर. शर्यत कोणी लावली तर त्याला पिकअपमध्ये बसवा. इथे भीड ठेवू नका.

तारीख ठरवताना दोन गोष्टी बघा. दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा त्या रस्त्यावर आणि पुलावर गर्दी असते. दुसरं म्हणजे उसाचा गळीत हंगाम. शहाद्याच्या भोवती दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या चालतात, मागे दिवा असेलच असं नाही. पहाटेच्या अंधारात प्रत्येकाला मागचा लाल दिवा आणि चमकणारं जाकीट हवंच, ट्रॉलीच्या मागे चिकटून कोणी चालू नये.

त्याआधी एखाद्या रविवारी सराव करून घ्या. चाळीसगावाहून कन्नडचा औट्रम घाट नवीन लोकांसाठी चांगला. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिथे अवजड वाहनांना बंदीचा आदेश दिला होता. सध्या वाहतूक कशी आहे ते चाळीसगावात विचारून मगच जा. पळासनेरपुढचा बिजासन घाट ट्रकांमुळे आणि तळोदा-धडगावचा चांदसैली घाट उभ्या चढामुळे या गटाला आत्ता नको. पुढे 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राईड) करायची म्हणता, तिला साडेतेरा तास मिळतात, थांब्यांसकट. तोरणमाळ नीट केलेल्या माणसाला सपाट रस्त्याची 200 आवाक्यातली आहे.

नवीन मंडळींच्या सायकलींच्या मागच्या चक्रांचे दाते आणि टायरची रुंदी इथे लिहून टाका. कोणी कॅसेट बदलायची आणि कोणी आहे त्यावर यायचं, ते सांगतो.