हवार बेटांचा लवाद की निवाडा?

प्रश्न असा आहे: आखाती देशांच्या इतिहासावर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की १९३९ मध्ये ब्रिटिशांनी बहरीन आणि कतार यांच्यातल्या हवार बेटांच्या वादात जो निर्णय दिला त्याला मराठीत काय म्हणायचं, लवाद, मध्यस्थी, पंचनिवाडा का नुसता निवाडा? आणि 'ब्रिटिशांनी बेटं बहरीनला बहाल केली' हे वाक्य चालेल का?

माझं उत्तर आधीच देते, निवाडा म्हणा. लवाद तर अजिबात नको. ही नुसती आवडीनिवडीची गोष्ट नाहीये, कारण नेमक्या याच मुद्द्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दोन देशांचे वकील भांडलेत आणि कोर्टाला त्यावर निकाल द्यावा लागलाय.

आधी प्रकरण थोडक्यात. हवार बेटं कतारच्या पश्चिम किनाऱ्याला जवळजवळ खेटून आहेत, मधे जेमतेम दोनेक किलोमीटर पाणी, आणि बहरीनच्या मुख्य बेटापासून लांब, विसेक किलोमीटरवर. नकाशा बघितला की कुणीही म्हणेल ही कतारचीच. पण तिथे दवासिर जमातीचे लोक येऊन राहायचे, मासेमारी करायचे आणि ते स्वतःला बहरीनच्या शेखाची माणसं मानायचे असं बहरीनचं म्हणणं. १९३२ मध्ये बहरीनमध्ये तेल लागलं, १९३५ मध्ये कतारच्या शेखाने आपल्या मुलखात तेल शोधायची सवलत इंग्लिश कंपनीला दिली, आणि मग ज्या खडकाळ बेटांकडे कुणी फारसं बघत नव्हतं ती कुणाच्या हद्दीत येतात हे कंपन्यांना, शेखांना आणि लंडनला सगळ्यांनाच ठरवून हवं झालं. बहरीनने तिथे शिबंदी बसवली. मे १९३८ मध्ये कतारचे शेख अब्दुल्ला बिन जासिम अल थानी यांनी बहरीनमधल्या ब्रिटिश पोलिटिकल एजंटाकडे, म्हणजे तिथल्या ब्रिटिश सरकारच्या प्रतिनिधीकडे, ह्यू वेटमनकडे, लेखी तक्रार केली, कारण तेव्हा दोन्ही मुलूख ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते. वेटमनने कळवलं, तुमचा दावा पुराव्यासकट मांडा. त्यांनी मांडला, बहरीनने जानेवारी १९३९ मध्ये प्रतिदावा दिला, मार्चअखेर कतारचं त्यावरचं उत्तर आलं, एप्रिलमध्ये वेटमनने अहवाल लिहून इराणी किनाऱ्यावरच्या बुशहरला बसणाऱ्या पोलिटिकल रेसिडेंटकडे, म्हणजे आपल्या वरिष्ठाकडे, पाठवला, तिथून तो लंडनला, आणि ११ जुलै १९३९ ला दोन्ही शेखांना पत्रं गेली की बेटं बहरीनची आहेत, कतारची नाहीत. कारणं काहीच दिलेली नव्हती.

आता शब्दांकडे येऊ. 'मध्यस्थी' आधी बाद करते. मध्यस्थ दोघांत बोलणी घडवून आणतो, तोडगा सुचवतो, पण त्याचं ऐकायचं की नाही हे शेवटी पक्षांच्या हातात असतं. याच वादात खरी मध्यस्थी पुढे झाली, १९८० च्या दशकात सौदीचे राजे फहद यांनी केली ती. १९८६ मध्ये कतारी सैनिक फश्त अद दिबल नावाच्या उथळ जागेवर उतरले आणि तिथे बहरीनसाठी बांधकाम करणारे कामगार पकडून नेले, तेव्हा सौदींनी धावाधाव करून प्रकरण शांत केलं, १९८७ मध्ये पत्रांची देवाणघेवाण घडवली. पण तोडगा काही निघाला नाही. ती मध्यस्थी. १९३९ मध्ये ब्रिटिश तोडगा सुचवत नव्हते, ठरवून सांगत होते.

लवादाचं जरा गुंतागुंतीचं आहे, कारण मराठीत हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'लोवादो' वरून आलाय असं मानतात, त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी मान्य केलेला पंच किंवा मोल ठरवणारा माणूस. म्हणजे मूळ कल्पनाच अशी की पंच आपण दोघांनी मिळून निवडलाय. पण पेपरात आपण राष्ट्रीय हरित लवाद म्हणतो, कृष्णा पाणीतंटा लवाद म्हणतो, तिथे पक्षकारांनी कुणाला निवडलेलं नसतं, सरकारने कायद्याने नेमलेलं मंडळ असतं. म्हणून कुणी म्हणेल की मग ब्रिटिशांनाही लवाद म्हणायला काय हरकत आहे. हरकत अशी की या दुसऱ्या अर्थाच्या लवादातही बसून ऐकणारं मंडळ असतं, कायद्याची चौकट असते, निकालाला कारणं असतात. इथे एका अधिकाऱ्याचा अहवाल आणि वरून आलेलं पत्र. दोन्हीपैकी कुठलाच अर्थ बसत नाही.

हेगला कतारने १९९१ मध्ये खटला घातला आणि १६ मार्च २००१ ला निकाल लागला. बहरीनचं म्हणणं होतं की १९३९ चा निर्णय म्हणजे लवादाचा निर्णयच, त्यामुळे तो अंतिम, आता उकरून काढता येणार नाही. कतारचं म्हणणं, यात लवादासारखं काहीच नव्हतं आणि आमची संमतीही नव्हती, शिवाय ठरवणाऱ्यांचं मत आधीच झालेलं होतं. या शेवटच्या तक्रारीत दम आहे असं मला मनापासून वाटतं. १९३६ मध्येच, तेल कंपन्यांशी बोलणी चालू असताना, ब्रिटिशांनी बेटं बहरीनची असावीत असं प्राथमिक मत बनवून बहरीनला कळवलं होतं, कतारच्या शेखांना मात्र ते तेव्हा सांगितलं नाही. बहरीनच्या शेखांकडे चार्ल्स बेलग्रेव्हसारखा इंग्रज सल्लागार होता, सरकारी भाषेत मुद्देसूद कागद करून द्यायला, शेख अब्दुल्लांकडे तसं कुणी नव्हतं. अशा परिस्थितीत वृद्ध शेखांनी न्यायाच्या भरवशावर साहेबाला पत्र लिहावं आणि त्याच पत्राने आपले हात बांधून घ्यावेत, हे वाचताना वाईट वाटतं.

पण कोर्टाने काय म्हटलं ते बघा. लवाद म्हणजे आपण निवडलेल्या पंचांकडून वाद सोडवून घेणं, आणि इथे दोन्ही शेखांनी असं कुठलं मंडळ नेमायचा करार केलेला नव्हता, त्यांनी फक्त 'ब्रिटिश सरकार ठरवेल' एवढंच मान्य केलं होतं, कुठल्या अधिकाऱ्याने आणि कसं ठरवायचं हे सरकारवरच सोडलं होतं. म्हणून हा लवादाचा निर्णय नव्हे. पण म्हणून तो निरर्थकही नाही, कारण दोघांनी आधी संमती दिली होती, सबब बंधनकारक. हवार बेटं १२ विरुद्ध ५ मतांनी बहरीनकडेच राहिली. कतारच्या वायव्य किनाऱ्यावरचं झुबारा, ज्यावर बहरीन हक्क सांगत होतं, ते मात्र एकमताने कतारचं ठरलं.

ही जी कल्पना आहे ना, आधी संमती, मग वरचा सांगेल ते बंधनकारक, तिला आपल्या जुन्या कागदांत फार नेमके शब्द आहेत. पेशवाईत वतनाचा किंवा शिवेचा तंटा पंचायतीपुढे गेला की दोन्ही वादी आधी लिहून द्यायचे की जे ठरेल ते मान्य, त्या कागदाला 'राजीनामा' म्हणत, आज नोकरी सोडताना देतो तो नव्हे, राजी असल्याचा लेख. आणि हरलेल्याने 'माझा दावा खोटा' म्हणून लिहून द्यायचं ते येजितखत. मे १९३८ ची शेख अब्दुल्लांची पत्रं कोर्टाने धरली ती याच जुन्या अर्थाचा राजीनामा म्हणून, असं मी समजते. येजितखत मात्र त्यांनी कधीच दिलं नाही, उलट ऑगस्ट १९३९ मध्ये, नोव्हेंबरमध्ये आणि परत जून १९४० मध्ये निषेधाची पत्रं पाठवली. तुमच्या लेखात हे जरूर येऊ द्या, नाहीतर वाचकाला वाटेल कतारने गुपचूप मान्य केलं.

तर निवाडा का, तर त्यात निवडून, तपासून ठरवण्याचा अर्थ आहे आणि ठरवणारा पंच असो, राजा असो, कचेरी असो, शब्द चालतो. 'पंचनिवाडा' नको, पंचच नव्हते. लेखात 'ब्रिटिश सरकारचा १९३९ चा निवाडा' असं पूर्ण लिहा म्हणजे कुणाचा ते स्पष्ट राहील.

'बहाल केली' बद्दल. बहाल करणं म्हणजे धन्याने आपल्या मर्जीने देणं, जहागीर बहाल करतात, पद बहाल करतात. ब्रिटिशांचा तोरा तसा असेलही, पण पत्रातली भाषा 'आम्ही देतो' अशी नव्हती, 'ती बहरीनची आहेत' अशी होती. म्हणून 'निवाडा बहरीनच्या बाजूने दिला' किंवा 'बेटं बहरीनची ठरवली' लिहा.

आणि तुमच्या लेखात पुढे डिसेंबर १९४७ चं ब्रिटिश पत्र येईल, ज्यात त्यांनी दोघांच्या मधल्या समुद्रतळाची रेघ आखली आणि जनान हे छोटं बेट हवारमध्ये धरलं नाही, त्यालाही सरसकट निवाडा म्हणू नका. ती रेघ बंधनकारक आहे असं दोघांपैकी कुणीच मानलं नव्हतं. जनानपुरतं मात्र कोर्टाने त्या पत्राला १९३९ च्या निर्णयाचा अधिकृत अर्थ मानलं आणि बेट कतारला गेलं. त्यासाठी मराठीत सरळ शब्द आहे, खुलासा.