कंपनीनं गेमचं मशीनच सोडून दिलं, तर माझ्या पैशांचं काय?

प्रश्न : वकीलमॅडम, नमस्कार. इचलकरंजीत माझं छोटं गेमिंग पार्लर आहे. मी आणि बायको मिळून चालवतो, पगारी माणूस नाही. गेल्या वर्षी हप्त्यांवर एकाच कंपनीची पाच मशीनं घेतली, चार पार्लरसाठी आणि एक घरी मुलाला. मशीनं, डिस्क आणि ऑनलाइन घेतलेले गेम धरून 3 लाख 40 हजार गुंतलेत. दुकानदार म्हणाला होता, "दहा वर्षं बघायला नको." त्याच्या काउंटरमागं तसा बोर्डही आहे. आता ही कंपनी स्वतःचे गेम दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर आणायला लागली आहे. पोरं म्हणतात, पुढं ती मशीन बनवणं सोडून नुसते गेमच विकणार. कोर्टातून तिला थांबवता येईल का? पैसे परत मिळतील का? ऑनलाइन घेतलेले गेम जातील का? उरलेले हप्ते थांबवू का? आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कंपनीनं असं करावं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : हप्त्यांचं आधी सांगते, कारण ती चूक याच महिन्यात होऊ शकते. हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार तुमचा आणि फायनान्स कंपनीचा आहे, मशीन बनवणाऱ्या कंपनीचा त्यात संबंध नाही. हप्ता चुकला की दंड लागेल आणि सिबिलवर डाग पडेल. मग उद्या पार्लरसाठी दुसरी मशीनं घ्यायची वेळ आली, तर कर्जाला कुणी उभं करणार नाही.

आता कंपनीला थांबवण्याचं. ते होणार नाही. तुम्ही मशीन विकत घेतलंत, कंपनी ते कायम बनवत राहील असं वचन विकत घेतलेलं नाही. धंदा करण्याच्या हक्कात तो बंद करण्याचा हक्कही येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 1978 साली एक्सेल वेअर या मुंबईच्या कपडे कारखान्याच्या प्रकरणात म्हटलं आहे, आणि तिथं तर कामगारांच्या पोटाचा प्रश्न होता. हा हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात आहे. पण गिऱ्हाइकाच्या अर्जावर कंपनीला पुढचं मशीन काढायला लावेल असं न्यायालय मला तरी माहीत नाही. त्यासाठी वकिलाची फी घालवू नका.

पोरं म्हणतात तसं याआधी एकदा घडलेलं आहे. जपानच्या सेगा कंपनीनं ड्रीमकास्ट हे मशीन 27 नोव्हेंबर 1998 ला जपानमध्ये आणि 9 सप्टेंबर 1999 ला अमेरिकेत आणलं. अमेरिकेत किंमत होती 199 डॉलर. पाठोपाठ सोनीचं प्लेस्टेशन 2 आलं, सेगाचा तोटा वाढत गेला, आणि 31 जानेवारी 2001 ला तिनं जाहीर केलं की मार्चअखेर ड्रीमकास्टचं उत्पादन बंद, यापुढं आम्ही इतरांच्या मशीनसाठी गेम करणार. शिल्लक माल 99 डॉलरवर आला. तोवर जगभर 90 लाखांवर घरांत ते मशीन पोचलं होतं. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःचे जवळपास 70 कोटी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन टाकले आणि त्याच मार्चमध्ये ते वारले. वर्ष संपायच्या आत सेगाच्या गेमचा नायक सॉनिक प्रतिस्पर्धी निन्टेंडोच्या मशीनवर धावायला लागला. कंपनी जगली, आजही गेम काढते.

त्या 90 लाख घरांचं काय झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या मावसभावानं 2001 साली न्यू जर्सीहून येताना ते स्वस्तात मिळालेलं ड्रीमकास्ट आणलं. तिकडची वीज 110 व्होल्टची, म्हणून पुण्यात ते अजूनही विटेएवढ्या ट्रान्सफॉर्मरवर चालतं. गेल्या दिवाळीत लावलं, तर कंट्रोलरमधल्या मेमरी कार्डाचे सेल संपलेले असल्यामुळं त्यानं लांब 'टीं' केलं. घड्याळाची बॅटरीही गेलेली, त्यामुळं आधी तारीख आणि वेळ विचारली. मग झाकण उघडून डिस्क ठेवली, घरघर झाली आणि गेम सुरू झाला. इंटरनेट नाही, खातं नाही, पासवर्ड नाही. कंपनीनं ते मशीन सोडून इतकी वर्षं झाली, पण विकलेली वस्तू विकतच घेतलेली राहिली.

तुमच्या पाच मशीनांपैकी किती अशी चालतील? खरा प्रश्न हा आहे, आणि तुमच्या पत्रात तो आलेला नाही. मशीन बनवणं बंद झालं म्हणून तुमच्याकडचं मशीन बंद पडत नाही. ज्या गेमची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर आहे, ती कुणाच्या हाती राहते, तिथं तुमचे पैसे अडकलेत.

डिस्कचं सोपं आहे. डिस्कवर मिळणारं सॉफ्टवेअर ही 'वस्तू' आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2004 चा निकाल आहे (टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार). तो विक्रीकराच्या वादातला असला, तरी पाया पक्का आहे. ऑनलाइन घेतलेल्या गेमवर मात्र बटण 'खरेदी करा' असं असतं आणि खालच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा फक्त वापराचा परवाना आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये ई-कॉमर्सच्या व्याख्येत 'डिजिटल उत्पादनं' हे शब्द आहेत, म्हणजे असा व्यवहार कायद्याच्या बाहेर नाही. 'हा परवाना आम्ही कधीही, कारण न देता काढून घेऊ' अशी अट असेल, तर ती 'अनुचित करार' ठरवून घेण्याची वाटही कलम 2(46) मध्ये आहे. पण इथं बरेच जण फसतात. अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोग ऐकत नाही. रक्कम अगदी 5 हजार असली, तरी ती राज्य आयोगापुढं न्यावी लागते.

आता तुमच्या प्रकरणातला कच्चा दुवा सांगते. तो विरोधी वकिलाच्या तोंडून आयोगात ऐकण्यापेक्षा आज माझ्याकडून ऐकलेला बरा.

कायद्यातला 'ग्राहक' म्हणजे व्यापारी हेतूनं वस्तू न घेणारा. पार्लरमध्ये तुम्ही तासाला पैसे घेता, म्हणजे पहिलीच हरकत येईल, 'हे ग्राहकच नाहीत.' त्यावर तुमची ढाल कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात आहे. माणसानं केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगारातून, वस्तू घेऊन स्वतः वापरली तर तो व्यापारी हेतू धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे उलगडून सांगितलं. स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा ग्राहकच आहे, आणि हाताखाली एकदोन माणसं घेतली म्हणून तो ग्राहकपण गमावत नाही. पण त्याच खटल्यात महाराष्ट्रातला तो लघुउद्योजक मात्र हरला. त्यानं घेतलेलं यंत्र आणि त्याच्या कामाचं स्वरूप पाहून न्यायालयानं म्हटलं, हा स्वयंरोजगार नव्हे. पुढं 2019 मध्ये मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टच्या प्रकरणात न्यायालयानं कसोटी आणखी स्पष्ट केली : खरेदीचा नफा कमावण्याच्या कामाशी थेट संबंध आहे का, आणि खरेदीमागचा मुख्य हेतू काय. नर्सेसच्या राहण्यासाठी घेतलेले फ्लॅट त्या कसोटीवर व्यापारी ठरले नाहीत.

तुम्ही दोघं नवराबायको, चार मशीनं, पगारी माणूस नाही. मला तुमची बाजू टिकण्यासारखी वाटते. पण एक गोष्ट आजच तपासा. मशीनांची बिलं दुकानाच्या नावावर, जीएसटी नंबर घालून घेतलीत का? त्यावर इनपुट क्रेडिट घेतलंत का, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी तुमच्या देण्यातून वळता केलात का? घेतलं असेल तर दावा लगेच पडतो असं नाही, पण तोच कागद तुमच्यासमोर धरला जाईल. उलट बाजूनं, पार्लर हेच घराचं एकमेव उत्पन्न असल्याचं दाखवणारं विवरणपत्र आणि बँकेचं पासबुक तुमच्या कामाचं आहे.

दुसरा कच्चा दुवा याहून नाजूक. घरगुती वापरासाठी विकलेल्या गेमच्या अटींत 'वैयक्तिक, अव्यापारी वापर' असं सर्रास लिहिलेलं असतं. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम 14 नुसार संगणकीय प्रोग्रॅमची प्रत व्यापारी तत्त्वावर भाड्यानं देण्याचा हक्क निर्मात्याचा असतो. गिऱ्हाईक तुमच्याच दुकानात बसून खेळतं, प्रत घेऊन जात नाही, त्यामुळं हे भाडं म्हणता येणार नाही, असा युक्तिवाद मी करीन. पण पार्लरमधल्या ऑनलाइन गेमच्या पैशांसाठी तुम्ही दार ठोठावलंत, तर समोरचा हेच काढणार, हे धरून चाला.

म्हणून माझा सल्ला असा की घरातल्या मशीनची फाइल वेगळी करा. मुलाचं मशीन, त्याचं खातं, त्यावरचे गेम, त्याची वर्गणी यांत तुम्ही निर्विवाद ग्राहक आहात. लढायची वेळ आलीच, तर पहिली तक्रार त्याची करू. पार्लरची चार मशीनं त्याच्या मागून, आणि तीही फक्त वॉरंटी आणि दुकानदाराच्या वचनापुरती.

आज मात्र तक्रार करण्यासारखं काही घडलेलं नाही. प्रतिस्पर्ध्याच्या मशीनवर गेम आले, यानं तुमचं कायदेशीर नुकसान झालं नाही. मशीनची बाजारातली किंमत उतरली, त्याचीही भरपाई मिळत नाही. 199 देणाऱ्यांना ड्रीमकास्ट 99 ला जाताना पाहून हळहळण्याखेरीज काही करता आलं नाही. कुणी 'उत्पादन दायित्वा'खाली, म्हणजे सदोष वस्तूमुळं झालेल्या हानीसाठी, दावा लावायला सांगेल, तर नाही म्हणा. कायद्यातल्या 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचं नुकसान आणि आर्थिक तोटा स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. दाव्याचं कारण तेव्हा निर्माण होईल, जेव्हा वॉरंटीत असताना दुरुस्ती नाकारली जाईल, सुटे भाग नाहीत म्हणून मशीन परत पाठवलं जाईल, आगाऊ भरलेल्या वर्गणीची सेवा मध्येच तोडली जाईल किंवा घेतलेला गेम खात्यातून उडेल. त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे (कलम 69). सुटे भाग किती वर्षं पुरवावेत याचा सगळ्या वस्तूंना लागू असा आकडा आपल्या ग्राहक कायद्यात नाही, पण भाग न मिळणं ही सेवेतली त्रुटी मानून ग्राहक आयोगांनी भरपाई दिलेली आहे.

खर्चाची धास्ती घेऊ नका. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापूरला, तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस कुठंही असो. करारात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केलं. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर फोन करा, पुष्कळ गोष्टी तिथंच मिटतात.

आणखी एक. मशीन बंद पडणार या भीतीनं कुणी 'ते खोलून देतो, सगळे गेम फुकट चालतील' म्हणेल. पार्लरमध्ये तसं एकही मशीन ठेवू नका. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 ब खाली सात दिवस ते तीन वर्षं कैदेचा गुन्हा आहे. मग कंपनीविरुद्ध तुमची बाजू कितीही खरी असली, तरी आधी जामिनासाठी धावावं लागेल.

मला काय वाटतं, तेही विचारलंत. कंपनीला मशीन परवडत नसेल तर तिनं खुशाल सोडावं. तोट्यात खितपत राहून शेवटी सगळंच बुडण्यापेक्षा सेगानं केलं ते बरं. पण जाताना किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात दिली पाहिजे. गूगलनं स्टेडिया ही गेमची सेवा 18 जानेवारी 2023 ला बंद केली, तेव्हा स्वतःच्या दुकानातून विकलेल्या उपकरणांचे आणि गेमचे पैसे परत केले. निन्टेंडोनं 3डीएस आणि वी यू या आपल्या मशीनांची ऑनलाइन दुकानं मार्च 2023 मध्ये बंद करताना आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोय चालू ठेवली. म्हणजे हे करता येतं. आज ते कंपनीच्या मर्जीवर आहे, आणि ते मला मान्य नाही. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून, परवानाच देत असाल तर 'खरेदी' म्हणताना तसं ठळक सांगा, असा कायदा आहे. आपल्याकडं त्याच्या एक पाऊल पुढं जाऊन, सर्व्हर बंद करण्याआधी गेम इंटरनेटशिवाय चालेल असा शेवटचा अपडेट देणं सक्तीचं करायला हवं. इचलकरंजीतल्या माणसानं हप्त्यानं भरलेले पैसे दुसऱ्या खंडातल्या एका सर्व्हरवर अवलंबून राहावेत, यात न्याय नाही.

या आठवड्यात एवढं करा. पाचही मशीनांचे सीरियल नंबर बिलांशी जुळवून घ्या. प्रत्येक ऑनलाइन गेमची पावती ईमेलमधून काढून छापा. एकेका मशीनचं इंटरनेट बंद करून कोणता गेम सुरू होतो आणि कोणता नाही, याची वहीत यादी करा. पुढची खरेदी त्या यादीकडं पाहून आणि शक्यतो डिस्कवरच करा. दुकानदाराशी व्हॉट्सअॅपवर बोलणं झालं असेल तर ते पुसू नका, आणि ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका. पुढं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडताना तो लागेल. आणि काउंटरमागचा तो 'दहा वर्षं'चा बोर्ड अजून आहे म्हणता ना? आज संध्याकाळीच जाऊन त्याचा फोटो काढा, दुकानाचं नाव आणि बोर्ड एका चौकटीत येईल असा. बोलण्याचा पुरावा देताना दमछाक होते. तो बोर्ड मात्र त्या दुकानदाराविरुद्ध दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा पुरावा होऊ शकतो, आणि बातमी खरी ठरली तर सगळ्यात आधी तोच उतरवला जाईल.