स्पोकनचा क्लास राहू दे, आधी कागदाचं इंग्रजी बघू

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. कागल तालुक्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता कोल्हापुरात बीएस्सी केमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष, वडिलांचं गुऱ्हाळ, आणि डोक्यात एमएस्सीला जर्मनी, नाहीच जमलं तर जॅम, म्हणजे एमएस्सीची प्रवेश परीक्षा, देऊन आयआयटी. एका क्लासवाल्यानं 'स्पोकन प्लस आयईएलटीएस' (म्हणजे बाहेर शिकायला लागते ती इंग्रजीची परीक्षा) असं पॅकेज ३५ हजाराला सांगितलंय आणि वडील म्हणतायत हंगामाचे पैसे आले की भरू. तुझा प्रश्न एवढाच की भरू का. आणि एकदम खाली एक ओळ, 'सरांनी रिसर्च पेपर दिलता वाचायला, चार दिवसात दोन पानं झाली, मी लई घाबरलो ताई.'

पैशाचं नंतर बोलू, ती खालची ओळ आधी.

'घाबरलो' लिहिलंस ते वाचून बरं वाटलं, कारण आपल्याकडं पोरी मी आलो मी गेलो असंच बोलतात, मी पण घरात तशीच बोलते, पुण्यात होस्टेलला यावरून लई चिडवायचे मला. पण अर्ज लिहायला बसलं की आपोआप 'मी विनंती करते' येतं की नाही? आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की पाणीपट्टीचा भरणा करण्यात यावा' असं असतं ते पण तुला कळतंच. घरात कोण बोलतं का असं? आई म्हणते का 'भाकरी करण्यात आलेली आहे'? पण वाचलं की कळतं कारण लहानपणापासून बघितलंय. अकॅडमिक इंग्रजी म्हणजे तसली कागदाची भाषा आहे, ती कुणाच्याच घरात बोलत नाहीत, लंडनच्या पोरालाही कॉलेजात जाऊन शिकावीच लागते. त्यामुळं शेजारची कॉन्व्हेंटची पोरगी फाडफाड बोलते म्हणून तिला तो पेपर कळेल असं समजू नको, तिला पण घाम फुटेल.

आता तो पेपर का अडला. मला खात्री आहे केमिस्ट्रीच्या शब्दांनी अडला नसणार, ते तर तू तीन वर्षं इंग्रजीतच शिकतीयस. अडतात ते 'व्हेअरॅज', 'डिस्पाइट', 'हेन्स' असले मधले शब्द, आणि क्रियापदांची केलेली नामं. हे वाक्य बघ, मीच केलंय, तुमच्या गुऱ्हाळावरचं: 'द अ‍ॅडिशन ऑफ म्यूसिलेज टू द हीटेड ज्यूस रिझल्टेड इन द रिमूव्हल ऑफ सस्पेंडेड इम्प्युरिटीज.' भीती वाटली ना? म्हणजे काय तर तापलेल्या रसात भेंडीचा चिक घातला आणि मळी निघाली, बास. 'अ‍ॅड' चं 'अ‍ॅडिशन' केलं, 'रिमूव्ह' चं 'रिमूव्हल' केलं, आणि खरं क्रियापद एकच उरलं, 'रिझल्टेड'. म्हणजे 'भरणा करण्यात यावा' चाच भाऊ. मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून आपण शेवटापर्यंत वाट बघत वाचत जातो आणि इंग्रजीत ते मधेच कुठंतरी बसलेलं असतं, तोवर चार ओळी डोक्यावरून गेलेल्या असतात. म्हणून पेन्सिल घे, प्रत्येक लांब वाक्यात आधी मुख्य क्रियापदाला गोल कर, मग विचार कोणी केलं आणि कशावर केलं. पहिल्या आठवड्यात वैताग येईल, मग हाताला सवय लागते.

आणि पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचत नसतात. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाच, मग सरळ आकृत्या आणि टेबलं, मग कन्क्लूजन, मग इंट्रोडक्शन, मेथड्स सगळ्यात शेवटी. शब्दांसाठी न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड बाईंनी २००० साली एक यादी केली, अकॅडमिक वर्ड लिस्ट, ५७० शब्दकुळांची, म्हणजे एका शब्दाची सगळी रूपं मिळून एक कूळ. कुठल्याही विषयाच्या अभ्यासाच्या मजकुरात दर दहा शब्दांत साधारण एक त्यातला असतो. नेटवर फुकट मिळते. रोज पाच घेतलेस तर चार महिन्यात संपेल, पण पाठ करायची नाही हां, तुझ्याच पेपरात तो शब्द कुठं आलाय ते शोधून ते अख्खं वाक्य वहीत उतरवायचं.

सगळे सांगतात इंग्रजी पेपरचे अग्रलेख वाचा. वाच, वाईट काही नाही, पण माझं मत वेगळं आहे, केमिस्ट्रीच्या पोरीनं केमिस्ट्रीचंच वाचावं.

अजून एक अडचण खास आपल्या कोल्हापूरची. आपण बोलतो कसं, 'विषय हार्ड', 'नाद खुळा', मिसळ एक नंबर म्हणजे एक नंबर, त्यात 'बहुधा' नसतं. पेपरात उलटं चालतं, तिथं 'द रिझल्ट्स सजेस्ट दॅट', 'मे', 'अपिअर्स टू' असं. तू छातीठोक लिहिलंस की भेंडीनं रस साफ होतोच, तर गाईड विचारणार किती सॅम्पल घेतली? जेवढं दाखवलंय तेवढंच बोलायचं, ही त्या भाषेतली शिस्त आहे. आयईएलटीएसच्या रीडिंगमध्ये 'फॉल्स' आणि 'नॉट गिव्हन' असे दोन वेगळे पर्याय असतात ना, तिथं आपली पोरं इथंच मार खातात, उताऱ्यात नसलेलं स्वतःच्या डोक्यातलं भरतात आणि 'फॉल्स' ठोकून देतात.

परीक्षेचं थोडक्यात. तुला अकॅडमिक मोड्यूल लागणार, जनरल नाही, फॉर्म भरताना बघून भर. लिसनिंगला ४० प्रश्न साधारण अर्ध्या तासात, रीडिंगला ४० प्रश्न एका तासात, रायटिंगला एक तास, बोलायचं ११ ते १४ मिनिटं. बऱ्याच ठिकाणी ६.५ च्या आसपास बँड, म्हणजे स्कोअर, मागतात पण प्रत्येक कोर्सची अट वेगळी, ती त्या युनिव्हर्सिटीच्या साइटवरच बघायची, क्लासवाल्याच्या तोंडून नाही. स्कोअर दोन वर्षंच चालतो, त्यामुळं आत्ता गडबडीनं देऊन ठेवू नको. जर्मनीसाठी एपीएस सर्टिफिकेट (आपली कागदपत्रं तपासल्याचं) पण लागतं, ती वेगळी भानगड आहे, त्याचं परत कधीतरी. जॅमला इंग्रजीचा वेगळा सेक्शनच नाही, पण अ‍ॅडमिशन झाल्यावर सेमिनार आणि डिसर्टेशनला हेच इंग्रजी समोर उभं राहतं, म्हणजे दोन्ही वाटांना काम तेच.

रायटिंगमध्ये पहिला टास्क किमान १५० शब्दांचा, दुसरा २५० चा आणि त्याला दुप्पट वजन. पहिल्यात आलेख, टेबल किंवा कधी कधी एखादी वस्तू कशी बनते त्याची आकृती देतात. आता तुझ्याएवढी गुळाची प्रोसेस कुणी बघितलीय सांग. रस काहिलीत ओतला जातो, खाली चुलवाणात चिपाडं जाळली जातात, चिक घालून मळी काढली जाते, पाक ११८ अंशांच्या आसपास आला की गुळव्या (गूळ करणारा कारागीर) काहील उतरवायला लावतो, निवायला वाफ्यात ओततात, मग रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, भरतात. मराठीत आपोआप 'जातो, जातात' आलं बघ, तेच इंग्रजीत 'इज पोअर्ड', 'आर बर्न्ट', 'इज रिमूव्ड'. आणि क्लासमध्ये पाठ करून घेतात ते 'इन धिस मॉडर्न एरा' वालं सोडून दे, पाठांतर तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतं.

उतरवण्यावरून आठवलं. मी बीएस्सीला सिनियरचं जर्नल जसंच्या तसं उतरवायचे, एकदा तिनं कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं 'हे रीडिंग रफ वहीत बघणे' ते पण मी पेनानं सुवाच्य अक्षरात उतरवलं, सरांनी वर्गात वाचून दाखवलं. तेव्हा हसण्यावारी गेलं, आता जात नाही. अशी उतारेचोरी रोखायला यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत, थीसिस सॉफ्टवेअरमधून तपासतात, बाहेरच्या युनिव्हर्सिटीत तर असाइनमेंटसुद्धा. तेव्हा सवय आत्ताच लाव, परिच्छेद वाचायचा, झाकायचा, मराठीत स्वतःला सांगायचा, मग आपल्या इंग्रजीत लिहायचा आणि कुणाचं म्हणणं आहे त्याचं नाव द्यायचं. एआयला दाखवायचं असेल तर स्वतः लिहून झाल्यावर दाखव, आधी नाही.

आता ३५ हजार. सध्या भरू नको. स्पोकनच्या क्लासमध्ये 'हाऊ टू ऑर्डर इन अ रेस्टॉरंट' शिकवतात, त्यानं भीती मोडते हे खरं, पण तुझी अडचण ती नाही. स्वयमवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, अकॅडमिक रायटिंगचे कोर्स फुकट बघता येतात, फक्त सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची तर फी पडते. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात तुझ्या कॉलेजच्या पत्रावर बसता येतंय का ते तुमच्या ग्रंथपालांना विचार. सहा महिने हे कर, मग एक मॉक टेस्ट दे, त्यात बोलण्यातच कमी पडलीस तर तेवढ्यापुरता महिनाभराचा क्लास लाव, आणि वडलांना सांग की ताईनं पैसे थांबवायला सांगितलेत, त्यांना राग आला तर माझ्यावर येऊ दे.

पुढच्या रविवारपर्यंत मला गुळावर १५० शब्द इंग्रजीत लिहून पाठव, हातानं लिहून फोटो काढलास तरी चालेल. चुका असू देत. आणि तुमच्याकडं चिकासाठी अजून भेंडीच वापरतात की सरळ पावडर टाकतात, ते पण लिही.