सासऱ्यांना मॉर्फिन, मेहुण्याला ट्रामाडॉल

(औषधांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारी मी फार्मासिस्ट, कोल्हापुरात ३१ वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे.)

प्रश्न : सासरे ६८ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त. तंबाखूनं जबड्याचा कॅन्सर झालाय. डॉक्टरांनी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी द्यायला सांगितली. चुलत सासरे म्हणतात, ही अफू आहे, व्यसन लागेल, आणि ही सुरू झाली म्हणजे माणूस चार दिवसांचा सोबती. म्हणून मामंजी कळवळायला लागले की मगच आम्ही गोळी देतो. गिळता येत नाही, कुटून दुधातून देऊ का? शिवाय चार दिवस परसाकडं झालेलं नाही. — एक सून, शिरोळ तालुका

ताई, चुलत सासऱ्यांचं एक बरोबर आहे. मॉर्फिन अफूपासूनच बनतं. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकवतात, त्यातून ते काढतात. आपण पांढऱ्या रश्श्यात खसखस वाटून घालतो, तीही त्याच झाडाच्या बोंडातली. त्यांच्या बाकीच्या दोन्ही गोष्टी मात्र चुकीच्या.

मॉर्फिन किती दिवस उरलेत ते बघून देत नाहीत, किती दुखतंय ते बघून देतात. काहीजण ते महिनोन्‌महिने घेतात. आणि सरावणं वेगळं, व्यसन वेगळं. काही आठवड्यांत शरीर या औषधाला सरावतं. एकदम थांबवलं तर घाम, जांभया, जुलाब, तगमग होते, म्हणून बंद करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यानं, हळूहळू. व्यसन म्हणजे दुखणं नसताना त्या गोळीच्या मागं धावणं. कॅन्सरच्या दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्यांत ते क्वचित दिसतं.

तुमची खरी चूक, रागावू नका, कळवळण्याची वाट बघणं ही आहे. ती मीही केलीय. माझे अप्पा लाल मातीतले पैलवान. दुखणं शून्य ते दहात किती, असं डॉक्टरांनी विचारलं की 'दोन' म्हणायचे, आणि मुठीत खाटेची पट्टी आवळून धरलेली असायची. मी रात्री दोनची गोळी टाळायचे. झोपलेत, कशाला उठवा! पहाटे साडेतीनला जे सुरू व्हायचं ते मग एका गोळीत आवरायचं नाही. दिवसभर लोकांना औषधं समजावून सांगणारी मी, घरात मलाच त्या गोळीची भीती वाटत होती.

तेव्हा घड्याळ लावा. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० आणि मध्यरात्री २. रात्री दहाला दुप्पट देऊन दोनची वगळायची पद्धत आहे, पण ती डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिली असेल तरच. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊन भरपाई करू नका.

कुटण्याचं नीट ऐका. चार तासांनी द्यायची साधी गोळी कुटून दुधातून चालते. मात्र बारा तासांनी द्यायची, हळूहळू विरघळणारी गोळी मिळाली असेल तर ती कधीही कुटायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं, ते जिवावर बेतू शकतं. आपली कोणती ते पाकीट दाखवून विचारून घ्या.

आता परसाकडंचं. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, ती ओसरते. बद्धकोष्ठ ओसरत नाही, कारण या औषधानं आतडीच सुस्तावतात. त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू व्हायला हवं. नुसतं इसबगोल उपयोगाचं नाही, त्यानं गोळा जास्तच अडकतो. बिसाकोडिल किंवा सोनामुखीच्या गोळ्या लागतात. चार दिवस झालेत, पोट फुगलंय का, उलटी होतेय का ते बघून आजच डॉक्टरांना फोन करा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तोही सांगा, कारण मग मॉर्फिनचे अंश अंगात साचतात.

गुंगी वाढतच गेली, हलवूनही नीट जागे होईनात, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, श्वास मिनिटाला दहाच्या खाली आला, तर पुढची गोळी द्यायची नाही आणि लगेच १०८ ला फोन करायचा. श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. आमच्या घरी हे काम धाकट्या भावाकडं होतं.

प्रश्न : गुडघा बदलून तीन महिने झाले. ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. ओळखीचा दुकानदार आता नवी चिठ्ठी मागतो. हीच गोळी मेहुण्याला कंबरेसाठी दिली, तर त्याला उलट्या आणि चक्कर. मला झोपेचीही एक गोळी आहे. शनिवारी रस्सा मंडळ असतं, तिथं थोडी घेतो. चालेल ना? — राजारामपुरी

नाही चालणार. रश्श्याला माझी हरकत नाही, पण ट्रामाडॉल, झोपेची गोळी आणि दारू ही तिन्ही श्वास मंदावतात. तिन्ही एका रात्री पोटात गेली तर सकाळ होईलच असं नाही. झोपेच्या गोळीचं तुमच्या सर्जनना माहीत आहे का? नसेल तर आधी ते सांगा.

दुकानदारावर चिडू नका. ट्रामाडॉल एच-१ यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, नोंद ठेवाव्या लागणाऱ्या औषधांत. पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या दिल्या हे आम्हाला वहीत लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. २०१८ पासून हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. चिठ्ठी मागणारा तुमच्यावर संशय घेत नाही, त्याचं काम करतो.

मेहुण्यावर थोडक्यात निभावलं म्हणा. त्यांना फिट्सचा त्रास असता, किंवा नैराश्याच्या काही गोळ्या चालू असत्या, तर उलटीवर भागलं नसतं. आपल्याकडं गंमत अशी की मॉर्फिनचं नाव काढलं की घर हादरतं, आणि ट्रामाडॉलची पट्टी पेपरमिंटसारखी वाटली जाते. दोन्हींचं कूळ एकच आहे!

तीन महिन्यांनीही दिवसाला तीन गोळ्या लागत असतील तर गुडघा सर्जनना पुन्हा दाखवायला हवा. गोळी एकदम सोडू नका, ते सांगतील तशी कमी करा. आणि तापाची म्हणून वरून घेता ती गोळीही पॅरासिटामॉलच असते, तीही हिशेबात धरा.

प्रश्न : आईला दुखण्यासाठी फेंटानिलचे (मॉर्फिनच्याच कुळातलं औषध) कातडीवर चिकटवायचे पॅच लावत होतो. ती गेली. चार पॅच शिल्लक आहेत, कपाटात ठेवलेत. घरात नातवंडं आहेत. काय करू? — उचगाव

कपाटातून आजच काढा. पॅच लहान मुलाच्या अंगाला चिकटला किंवा तोंडात गेला तर जीव जाऊ शकतो. तीन दिवस लावून काढलेल्या पॅचमध्येही औषध उरतं, म्हणून वापरलेला सापडला तर चिकट बाजू आत घेऊन दुमडा. सगळे एका घट्ट झाकणाच्या डब्यात घालून ज्या दवाखान्यातून आणले तिथंच परत नेऊन द्या. आईच्या अंथरुणाच्या घड्याही एकदा झटकून बघा, सुटलेला पॅच चादरीला चिकटून राहतो.