पाटल्या गहाण आणि गोधड्या स्वस्त

कराडजवळच्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "मी गोधड्या शिवून घेते आणि इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपवर विकते. वर्षाला साधारण १४० जातात. दर २,४००, कुरिअर मोफत. गोधडीमागे साडेसहाशे सुटतात. पण प्रत्येक जण 'लास्ट प्राइस सांगा' म्हणतो, १,९०० मध्ये घरपोच मागतो. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून मी देते. दर उतरवू, की कुरिअरचे पैसे वेगळे घेऊ? मार्चमध्ये पॉलिसीचा ६०,००० चा तिसरा हप्ता आहे, त्यामुळे माल थांबवून धरता येत नाही. गेल्या वर्षी हप्त्यासाठी पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या, त्याही सोडवायच्या आहेत." सोबत वहीच्या पानांचे आणि पॉलिसीच्या कागदांचे फोटो आहेत.

ताई, नमस्कार.

तुमची वही मी दोनदा वाचली. पडत्या भावात दिलेल्या प्रत्येक गोधडीपुढे तुम्ही लाल पेनानं 'दिली' असं लिहिलंय. गेल्या वर्षी अशा अकरा 'दिली' आहेत. त्यातल्या नऊ २० फेब्रुवारी ते २८ मार्च या पाच आठवड्यांतल्या. दिवाळी ते संक्रांत या काळात एकही नाही. तेव्हाही लोक १,९०० च म्हणत होते, पण तुम्ही 'परवडत नाही' म्हणालात आणि त्यांनी २,४०० दिले. म्हणजे घासाघीस तुम्हाला जमते. हप्त्याची तारीख जवळ आली की मात्र तुमचा नाइलाज होतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण आधी साडेसहाशेचा आकडा तपासू. कापड-दोरा ६००, शिवणाऱ्या बायकांची मजुरी ९००, पॅकिंग ६०. झाले १,५६०. कुरिअर तुम्ही १८० धरता, कारण काट्यावर गोधडी दोन किलो भरते. पण कुरिअरवाले फुगीर पार्सलचं वजन आकारावरून धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५,००० नं भागायचं. काट्यावरचं आणि हे, यांत जे जास्त त्याचे पैसे. तुमचा खोका ४५ बाय ३५ बाय २५. भागाकार येतो जवळपास ८ किलो. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी 'वजनातील फरक' म्हणून वॉलेटमधून पैसे कापले जातात. 'कुरिअरवाला लुबाडतो' असं तुम्ही लिहिलंय, पण तो त्याच्या नियमाप्रमाणे घेतोय. तुमच्याच स्टेटमेंटवर एका पार्सलचे सरासरी ४८० पडलेत.

म्हणजे २,४०० च्या गोधडीत ६६० नव्हे, ३६० सुटतात. १,९०० ला दिलेल्या प्रत्येक गोधडीत पदरचे १४० गेले. वर्षाला नव्वद हजार सुटतात असं धरून तुम्ही हप्त्याला हो म्हणालात, आणि धंद्यातून येतात जेमतेम ५० हजार. हप्ता ६० हजारांचा. तो या धंद्यातून कधीच भरला जाणार नव्हता.

आता त्या पॉलिसीबद्दल. तुम्ही विचारलं नाहीत, पण माझा जीव तिथेच अडकलाय.

पॉलिसी विकताना भाऊजी म्हणाले, "एफडीसारखंच आहे, पाच वर्षांनी मोडता येईल." कागद सांगतो: १२ वर्षं ६०,०००, म्हणजे ७ लाख २० हजार, आणि विसाव्या वर्षी १२ लाख. ऐकायला मोठं वाटतं. दर काढला की साडेतीन टक्के येतो. त्याच्या हप्त्यासाठी तुम्ही पाटल्या ठेवून महिना एक टक्क्यानं ५०,००० उचललेत. बारा टक्क्यांनी कर्ज काढून साडेतीन टक्क्यांत गुंतवणूक! वर्षाचं व्याज ६,०००. ताई, सतरा गोधड्यांची कमाई नुसत्या या व्याजात जाते. आणि प्रस्ताव अर्जावर तुमचं वार्षिक उत्पन्न ४ लाख लिहिलंय. ते तुम्ही लिहिलेलं नाही, अक्षर वेगळं आहे, सही फक्त तुमची. नात्यातला माणूस आहे म्हणून हे गिळायचं कारण नाही.

"दोन हप्ते बुडतील" ही तुमची भीती खरी आहे. म्हणून इथून पुढचंच गणित करू. दोन हप्त्यांनंतर सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडली, तर भरलेल्या १,२०,००० पैकी किमान ३० टक्के, म्हणजे ३६,००० मिळायला हवेत. ८४,००० गेले, हे कटू आहे. पण पॉलिसी चालू ठेवायची म्हणजे ते ३६,००० आणि उरलेले दहा हप्ते त्यात घालायचे. तसं धरलं, तरी १२ लाखांचा दर साडेचार टक्क्यांच्या जरासाच वर जातो. पीपीएफचा, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधी खात्याचा, दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. तोच टिकला, तर तेवढाच पैसा त्याच काळात साडेसोळा लाखांच्या वर जातो. शिवाय पीपीएफमध्ये वर्षाला ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. तुमच्यासारख्या हंगामी कमाईला हे सगळ्यात मोलाचं.

क्रम मात्र नीट धरा. हप्ता भरू नका. वार्षिक हप्त्याला तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे करा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा: उत्पन्न खोटं लिहिलं, एफडी म्हणून विकली, पूर्ण पैसे परत हवेत. अर्जाची प्रत जोडा. भाऊजींचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर तेही जोडा. महिन्यात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यात कार्यालय आहे आणि फी लागत नाही. त्याच पत्रात सरेंडरची आणि पेड-अपची (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवली तर मिळणारी) रक्कम लेखी मागा. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत सरेंडरच्या फॉर्मवर सही करू नका.

आणि पॉलिसी गेली तर विम्याचं काय? घर तुमच्या मिस्टरांच्या पगारावर चालतं. विमा हवा तो त्यांच्या नावावर, साधा टर्म प्लॅन, ज्यात शेवटी काहीही परत मिळत नाही असा. परतावा देणारा विमा पुन्हा कोणी दाखवला तर सही करण्याआधी मला कागद पाठवा.

हप्त्यासाठी तुम्ही ३८,००० साठवलेत असं वहीच्या शेवटच्या पानावर दिसतं. ते आजच पतसंस्थेत भरा, कर्ज १२,००० वर येईल. तक्रारीतून किंवा सरेंडरमधून पैसे आले की पाटल्या घरी आणा, आणि उरलेल्या रकमेचं उन्हाळ्यात कापड घेऊन ठेवा. गोधडीला गिऱ्हाईक थंडीत असतं. उन्हाळ्यात शिवून ठेवलेला माल दिवाळीनंतर पूर्ण दरानं जातो, हे तुमचीच वही सांगते.

आता कुरिअर. खोका बंद करा. गोधडी घट्ट घडी घालून, गुडघ्यानं दाबून हवा काढा, नाडीनं आवळा, जाड प्लास्टिकमध्ये घाला, वर कुरिअरची पिशवी. उंची २५ वरून १० वर येते, आकाराचं वजन ८ वरून सव्वातीन किलोच्या आत. तुमच्या रेट कार्डावर त्याचे साधारण २२० पडतात. प्रत्येक पार्सलचा टेप लावून फोटो काढा. तरीही जास्त वजन लावलं, तर तो फोटो जोडून मुदतीत हरकत घ्या. फक्त या बदलातून १४० गोधड्यांवर ३६,००० च्या वर वाचतात. गिऱ्हाइकाकडून इतकं कधीच निघालं नसतं.

दर की कुरिअर वेगळं? वेगळं नको. गिऱ्हाईक शेवटी बेरीजच पाहतं, आणि वेगळं सांगितलं की दोनदा घासाघीस होते. २,६०० घरपोच, असा एकच आकडा ठेवा. तो सांगण्याआधी पिनकोड विचारा. ईशान्येकडे किंवा काश्मीरला पाठवायचं असेल तर वरचा फरक आधीच मिळवा. तुमचा तळ, म्हणजे ज्याखाली जायचंच नाही तो आकडा, १,५६० अधिक २२० अधिक तुमच्या स्वतःच्या कामाचे ३००, म्हणजे सुमारे २,१००. कापणं, फोटो, गप्पा, पॅकिंग यांची मजुरी तुम्ही आजवर शून्य धरलीत, ते थांबवा. हंगामात २,४५० च्या खाली उतरू नका. दोन घेणाऱ्याला 'कुरिअर अर्धं' म्हणू नका, कारण आकार दुप्पट झाला की वजनही दुप्पट धरतात. तुमचे ८० रुपये वाचतात, तेवढेच सोडा. कॅश ऑन डिलिव्हरी मुळीच नको, परत आलेल्या पार्सलचं जाण्या-येण्याचं भाडं तुमच्या गळ्यात पडतं.

बंगळूर-हैदराबादलाही माल जातो म्हणून एक सांगतो. परराज्यात विकणाऱ्याला उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागू शकते. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे. तुमची गोधडी त्यात बसते का, हे कराडमधल्या एखाद्या सीएकडून एकदा लिहून घ्या.

बंगळूरच्या बाई १,९०० वर अडून बसल्यात आणि उत्तराची वाट पाहतायत, असं तुम्ही लिहिलंय. थंडी संपली आहे आणि ती गोधडी गेल्या वर्षीची आहे, म्हणून एवढं सोडायला हरकत नाही. त्यांना आज हे पाठवा: "ताई, ही २,३०० ला घरपोच देते. पिनकोड पाठवा, पैसे आले की परवा निघेल." नाही म्हणाल्या तर घडी घालून ट्रंकेत ठेवा, नोव्हेंबरमध्ये २,६०० ला जाईल.