1978ची फियाट आणि 12 लाखांचं कवच

प्रश्न : वय 43, राहणार ठाणे, हातात पगार 95 हजार. सात वर्षांच्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स गेला. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट 1.6 लाख. पुन्हा 14 लाखांची सेन्सरवाली गाडी घेऊन हेच भोगण्यापेक्षा 1978ची प्रीमियर पद्मिनी घ्यावी म्हणतो. गाडी 2.25 लाख, काम 3 लाख. एसी बसवून रोज वापरेन. 2028मध्ये पन्नास वर्षं पूर्ण होऊन ती व्हिंटेज होईल, भावही वाढेल. पैशांसाठी बँकेतून घेतलेली पॉलिसी मोडतोय : वर्षाला 1.2 लाख, दहा हप्ते, पंधराव्या वर्षी 20 लाख. चार हप्ते भरलेत, सरेंडरचे 2.5 लाख मिळतील. बाकीचं पर्सनल लोन. घरकर्ज 35 लाख बाकी. पत्नी गृहिणी, मुलं दोन. विमा याच पॉलिसीतला, 12 लाखांचा. निर्णय बरोबर आहे ना?

उत्तर : नाही. पण गाडीचं आधी उरकून घेतो, कारण माझी झोप उडवली ती तुमच्या विम्याच्या वाक्याने.

पद्मिनीचं इंजिन स्वस्तात होतं हे खरं. कार्ब्युरेटर साफ करणं, पॉइंट बदलणं ही कामं जुना मिस्त्री उभ्या उभ्या करतो. पैसा खातो तो पत्रा. गाडी बघायला जाल तेव्हा खिशात लोहचुंबक ठेवा आणि दरवाजाखालच्या पट्टीवर फिरवा. चिकटला नाही, तर तिथे रंगाखाली पुट्टी आहे. पायाखालचं रबर उचलूनही बघा. तुमचे 3 लाख तिथेच सहज 5 होतील. कुर्ल्यातलं उत्पादन थांबून दोन तपं उलटली. ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून हटली, आणि पार्टचा बाजार तिच्याच जिवावर चालायचा.

आणि व्हिंटेजचं स्वप्न? 2021च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल किंवा दुरुस्तीसाठी बाहेर काढता येते, रोज ऑफिसला नेता येत नाही. मूळ रूपही टिकवावं लागतं, आणि भाव त्या मूळपणालाच असतो. म्हणजे एसी लावून रोज फिरवायची आणि वर भावही वाढायला हवा, हे दोन्ही एकदम जमणार नाही. हौस म्हणून घ्यायची तर घ्या, गुंतवणूक म्हणू नका.

नवी गाडीही नको. विमा कंपन्यांच्याच घसारा तक्त्यात पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरतात. 14 लाखांचे 7 गेले, म्हणजे वर्षाला 1.4 लाख. तुमचा गिअरबॉक्स सात वर्षांवर पसरला तर वर्षाला 23 हजार पडतो. एकरकमी आला म्हणून लागला, इतकंच. बाहेरच्या गिअरबॉक्सवाल्याकडून दुसरं एस्टिमेट घ्या, दुरुस्त करा आणि आणखी पाच वर्षं चालवा.

आता मुद्द्याचं. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर 12 लाख येतील. बँकेचे 35 लाख त्याआधी उभे. कर्ज विसरलं तरी घरखर्च महिना 50 हजार धरा. दोन वर्षांत खेळ खल्लास. हा 12चा आकडा तुमची गरज बघून आलेला नाही. परतावा करमुक्त राहायला विमा हप्त्याच्या दहापट लागतो, म्हणून 1.2 लाखांवर 12. विकणाऱ्याने कर पाहिला, कमिशन पाहिलं. तुमच्या मुलांची वयं विचारली होती का?

आणि "20 लाख मिळणार" याचा हिशोब करा : परतावा 5 टक्के. त्याच तारखांना हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 25 लाख झाले असते. पैसे दोन्हीकडे सुरक्षित, फक्त पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं.

तरीही मोडू नका! चार हप्त्यांवर पॉलिसी पेड-अप करा : पुढचे हप्ते बंद, आणि मुदतीअंती साधारण दहापैकी चार हिस्से, म्हणजे 8 लाख. आज 2.5 घ्यायचे की 11 वर्षांनी 8? ती वाढ 11 टक्क्यांची होते. या पॉलिसीत चांगला सौदा कुठे असेल तर तो एवढाच. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा. राहिलेल्या 7.2 लाखांच्या हप्त्यांनी पॉलिसीत 12 लाख वाढतात, पीपीएफमध्ये 13. फरक फार नाही, पण तिथे दरवर्षी किती टाकायचं ते तुमच्या हातात राहतं, आणि ती मोकळीक टर्म विम्यासाठी, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या निव्वळ विम्यासाठी, हवी आहे.

सव्वा कोटीचा टर्म विमा, साठीपर्यंत. प्रकृती ठीक असेल तर वर्षाला 30 हजारांच्या आतबाहेर. यंदाच्या वाचलेल्या 1.2 लाखांतून तो भरा, उरलेले 90 हजार गिअरबॉक्सला लावा. पर्सनल लोन घ्यावं लागलंच तर 70 हजारांचं. पीपीएफ पुढच्या वर्षीपासून.

फक्त क्रम चुकवू नका. पेड-अप केल्यावर ते 12 लाखांचं कवचही घटतं. म्हणून टर्मची मेडिकल होऊन पॉलिसी हातात पडल्यावरच जुनीचा हप्ता थांबवा. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते, पण तेवढ्यात टर्म मंजूर झाली नाही, तर पाचवा हप्ता भरून टाका.